‘रिफ्यूज्ड’ असं मी लिहिलं

मी गाव सोडलं तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. भात झोडून झालं होतं आणि अंगणात गवताच्या उडव्या उभ्या होत्या. आई फाटकापर्यंतच आली. गायीला पान्हा फुटायची वेळ झालीय, असं काहीतरी म्हणून ती मागे वळली. बाबा दोन्ही बॅगा घेऊन तिठ्यापर्यंत आले. एका बॅगेत माझे कपडे आणि सर्टिफिकेटांची फाइल होती. दुसरीत उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ आणि सोलं होती. मुंबईची बस यायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत बाबा माझ्याशी काही बोलले नाहीत, समोरच्या दुकानदाराशी मात्र पाण्याच्या पंपाबद्दल बोलत राहिले. बस आली, त्यांनी बॅगा स्वतः डिकीत नीट लावल्या, आणि मी खिडकीत बसल्यावर खालून म्हणाले, “थंय कोणी काय विचारल्यान तर खरा काय ता सांग. म्हायत नसला तर म्हायत नाय म्हण. लाजू नको.”

एवढंच. बस सुटली. मी बावीस वर्षांची होते.

हे मी गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि नर्सिंगच्या वर्गातल्या ज्या सहाजणी माझ्यासारख्याच बॅगा भरून मुंबई-पुण्याला निघाल्या, त्यांच्यासाठीही. तुम्ही विचारता, मुंबईत कसं वाटतं, गर्दीचा त्रास होतो का, पाणी सोसतं का. गर्दीची सवय महिन्याभरात झाली. पाणीही सोसलं. मला जड गेले ते इंग्रजीतले काही साधे शब्द. शब्द म्हणजे क्रियापदं. आपण शाळेत एका मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द लिहून पाठ केले, आणि मला वाटत होतं की तेवढं पुरेल.

हॉस्पिटल अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला. आम्ही चार नर्स मरोळला एका खोलीत राहायचो. दोघी केरळच्या, एक नाशिकची, एक मी. नवीन ओळख झाली की सगळे विचारायचे, “स्टे कुठे करतेस?” मला तो शब्द राहण्याचाच वाटायचा. नाशिकची सोनल इंग्रजी शाळेत शिकलेली. ती एकदा म्हणाली, “अगं, स्टे म्हणजे मुक्काम. घरी माणूस लिव्ह करतो.” त्या संध्याकाळी भात शिजत असताना मी खोलीभर नजर फिरवली. चार लोखंडी कॉट, चार दोऱ्या, चार टॉवेल. आम्ही सगळ्या स्टेच करत होतो.

जनरल वॉर्डच्या इनचार्ज लिसी सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा कायम कपाळावर. कोट्टयमहून तीस वर्षांपूर्वी आलेल्या, तरी त्यांची हिंदी अजून मोजून मापून यायची. माझ्या दुसऱ्या आठवड्यात एक पेशंट बाथरूमच्या दारात जमिनीवर बसलेला सापडला. फार लागलं नव्हतं. मी नोट्समध्ये लिहिलं, पेशंट फेल डाउन. सिस्टरनी मला काउंटरपाशी बोलावलं.

“गिरते हुए देखा तूने?”

“नाही सिस्टर. बसला होता.”

“तो ‘फेल डाउन’ कैसे लिखा? ‘फाउंड ऑन द फ्लोर’ लिखो. आँख ने जो देखा, पेन उतना ही लिखेगा.”

पुढे तसंच ‘डिनाइज’चं झालं. डॉक्टरांच्या नोट्समध्ये सारखं यायचं, पेशंट डिनाइज चेस्ट पेन. मला वाटायचं, पेशंट खोटं बोलतोय आणि डॉक्टरांना ते कळलंय, असं काहीतरी. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही विचारलंत आणि त्याने ‘नाही’ म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द लिहायचा तर आधी विचारलेलं असायला हवं. न विचारता लिहिलात तर खोटं पेशंटचं नाही, तुमचं.

मी एक छोटी वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे तो कधी वापरायचा ते. टोल्ड आणि इन्फॉर्म्ड. सॉ आणि नोटिस्ड. ‘रिफ्यूज्ड’ मी त्या वहीत लिहिला नव्हता. तो मला येतो असं मला वाटत होतं. नकार देणे. सोपा होता.

परब आजोबा आमच्याकडे आले ते मी लागून पाच महिने झाले होते तेव्हा. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्य गिरणीत गेलेलं, छाती कापसाच्या धुळीने आधीच खराब, त्यात आता हृदय थकलेलं. पायांना सूज, बोलताना दम. पहिल्याच सकाळी मी सलाइन बघायला गेले, तर माझ्या नावाच्या बिल्ल्याकडे डोळे बारीक करून बघत त्यांनी विचारलं, “तू खयची गो?”

मी तालुका सांगितला. मग गाव सांगितलं. ते थोडे उठून बसले. त्यांचं गाव आमच्यापासून खाडीपलीकडे. आमच्या गावातला देवळाजवळचा मोठा फणस त्यांना ठाऊक होता. त्यानंतर रोज सकाळी ते माझी वाट बघायचे. वॉर्डात मालवणी समजणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांशी ते गिरणीतल्या हिंदीत बोलायचे आणि दोन शब्दांत थांबायचे.

त्यांचा मुलगा महेश गोरेगावच्या एका स्टुडिओत सेटवर सुतारकाम करायचा. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. संध्याकाळी भेटीच्या वेळेत यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला भुसा चिकटलेला असायचा. सून दुपारी डबा आणायची. दहिसरला नदीच्या बाजूला त्यांची चाळीतली खोली. बापलेकांत काहीतरी बिनसलेलं होतं, हे वॉर्डात सगळ्यांना दिसत होतं. आजोबांना गावाला जायचं होतं. “माका गावाक जावचा आसा. हयसर नको,” हे ते रोज म्हणायचे. महेश म्हणायचा, तिथे ऑक्सिजन कुठून आणू, तुम्हीच सांगा. मग दोघं गप्प. महेश त्यांचे पाय चेपत बसायचा आणि आजोबा खिडकीकडे तोंड करून पडायचे.

आठव्या दिवशी संध्याकाळी जरा वेगळं झालं. मी ड्युटी संपवून निघत होते. महेश खुर्ची पुढे ओढून त्यांच्या कानाशी म्हणाला, “मी उद्या सकाळी येतो. कामावर जायच्या आधी मोठ्या डॉक्टरांना विचारतो, कसं नेता येईल तुम्हाला ते.” आजोबा काही बोलले नाहीत. पण त्यांनी तोंड खिडकीकडे केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॉर्निंगला होते. आजोबा माझ्या आधी जागे. मावशींकडून त्यांनी अंग पुसून घेतलं होतं. मला बघून म्हणाले, “जरा केस इंचरून दी गो. झील येतलो.” डोक्यावर केस ते किती. मी माझ्या पर्समधला कंगवा काढून ते मागे वळवले. मग आठच्या गोळ्या आणि चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

“नको गो आता. झील येतलो. तो इलो काय घेतंय.”

मुलगा येईल, तो आला की घेतो. मला शब्दन् शब्द कळला. मी म्हटलं, आजोबा, घ्या हो, वेळ झाली. त्यांनी परत हात आडवा केला आणि दाराकडे बघायला लागले. माझ्याकडे अकरा पेशंट होते. त्यातल्या दोघांना ऑपरेशनसाठी पाठवायचं होतं. मी गोळ्यांची वाटी त्यांच्या टेबलावर ठेवली, काउंटरला आले आणि त्यांच्या फाइलीत लिहिलं: आठ वाजता. पेशंट रिफ्यूज्ड टी, ब्रेकफास्ट अँड ओरल मेडिसिन्स. खाली सही.

पावणेनऊला त्यांचा श्वास वाढला. डॉक्टर धावत आले. नऊच्या सुमारास त्यांना आयसीयूत हलवलं. ट्रॉली लिफ्टमध्ये जाताना आजोबांचा हात कठड्यावर होता आणि डोळे मिटलेले होते. महेश साडेनऊला पोचला, तोपर्यंत नळी घातलेली होती. बापलेकांचं बोलणं झालं नाही. दुपारी तीनला आजोबा गेले.

मी डॉक्टरांना विचारलं, त्या गोळ्या राहिल्या म्हणून असं झालं का. ते म्हणाले, नाही, पाऊण तासाने काही फरक पडला नसता, हृदय संपलेलंच होतं. मी विश्वास ठेवला. अजूनही ठेवते. माझं ओझं ते नव्हतं. ते तीन आठवड्यांनी आलं.

महेश केस पेपरच्या झेरॉक्स घ्यायला आला होता, विम्याच्या कामासाठी. खाली ऑफिसातून कागद घेऊन गेला आणि दोन दिवसांनी परत आला, तो सरळ वर वॉर्डात. दाढी वाढलेली. सकाळची घाईची वेळ. त्याने काउंटरवर एक कागद ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ माझी होती.

“सिस्टर, माझी मुलगी अकरावीला आहे. तिने वाचून सांगितलं. रिफ्यूज म्हणजे नकार दिला, ना?”

“हो,” मी म्हटलं. मग म्हटलं, “म्हणजे, नको म्हणाले.”

“चहापण?”

“हो.”

त्याने मान हलवली. “बरोबर आहे. रागावलेच होते माझ्यावर. जायचंच ठरवलं होतं त्यांनी मग.” कागदाची नीट घडी घालून त्याने खिशात ठेवली. “थँक यू सिस्टर,” म्हणाला आणि गेला.

मी काही बोलले नाही. इतकी वर्षं झाली तरी ह्या वाक्याशी मला थांबावं लागतं. मागे फोन वाजत होता, एक नातेवाईक स्ट्रेचर मागत होता, हे खरं आहे. पण दोन वाक्यं सांगायला वेळ लागतो किती. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर मी लिहिलेलं चुकलं होतं हे मान्य करावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, नोकरीच्या सहाव्या महिन्यात.

पुढचे चार दिवस माझं मन कशात लागलं नाही. औषधं वाटताना प्रत्येक जण ‘नको’ म्हणाला की मी उभीच राहायचे. किती प्रकारचे नको असतात ते मला तेव्हा ऐकू यायला लागलं. एका आजींचा नको म्हणजे आधी पाणी दे. एका रिक्षावाल्याचा नको म्हणजे ही गोळी घेतली की मळमळतं. एका मुलीचा नको म्हणजे नवरा बाजूला उभा आहे, तो जाऊ दे. आपल्याकडे एकच शब्द आणि आवाजाला सगळं सांभाळायला लावतो आपण. कागदावर आवाज जात नाही.

पाचव्या दिवशी मी लिसी सिस्टरना सगळं सांगितलं, लिननच्या खोलीत, चादरी मोजता मोजता. कंगव्याचंसुद्धा सांगितलं. त्या चादरी मोजायच्या थांबल्या.

“रिफ्यूज मतलब समझता है? आदमी ने सुना, समझा, और बोला कि मैं नहीं लूँगा. दरवाज़ा बंद. वो बूढ़ा आदमी दरवाज़ा बंद किया क्या?”

“नाही सिस्टर. ते दाराकडेच बघत होते.”

हे मी शब्दशः म्हटलं होतं, ते खरंच दाराकडे बघत होते म्हणून. पण सिस्टरनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला आणि बराच वेळ पुसला.

मी विचारलं, फाइलीत आता काही लिहिता येईल का. त्या म्हणाल्या, नाही, फाइल बंद झाली, तिला हात लावायचा नाही, तो दुसरा गुन्हा होईल. मग हळू आवाजात म्हणाल्या, “काग़ज़ बंद हुआ. आदमी तो है ना? जा के बोल. हॉस्पिटल के तरफ से नहीं. तेरे तरफ से.”

माझी सुट्टी बुधवारी होती. दहिसरची मेट्रो तेव्हा नुकती सुरू झाली होती, डबे नवेकोरे. मी गुंदवलीला चढले आणि दहिसरपर्यंत उभी राहिले, जागा असूनही. हायवेच्या दोन्ही बाजूंना टॉवर, मध्येच जुन्या चाळींची कौलं, मध्येच डोंगर. डोक्यात वाक्यं जुळवत होते. इंग्रजीची भीती होती तशीच भीती आता मराठीची वाटत होती. चूक झाली म्हणायचं, की चुकले म्हणायचं? चूक झाली म्हटलं की ती आपोआप झाल्यासारखी वाटते. ओवरीपाडा गेलं तेव्हा मी ठरवलं, चुकले म्हणायचं.

चाळीचा पत्ता आजोबांनीच कधीतरी बोलता बोलता सांगितला होता. नदीवरचा छोटा पूल, पलीकडे पिठाची गिरणी, तिच्या मागे. दार उघडंच होतं. महेश घरी होता, त्या दिवशी सेट लागला नव्हता. भिंतीवर आजोबांचा फोटो, हार सुकलेला. मला बघून तो गोंधळला. सुनेने खुर्ची पुढे केली. कोपऱ्यात अभ्यास करत बसलेली मुलगी, ऋतुजा, उठून आईच्या बाजूला उभी राहिली.

मी बसले नाही. म्हटलं, “मी चुकले. तेवढं सांगायला आले.” आणि मग त्या सकाळचं सगळं सांगितलं. अंग पुसून घेतल्याचं, केस विंचरून घेतल्याचं, दाराकडे बघत बसल्याचं. त्यांचं वाक्य मी त्यांच्याच बोलीत सांगितलं.

 शेगडीवर दूध तापत होतं, ते वर आलं, सुनेने गॅस बंद केला. मग तीच पहिली बोलली, माझ्याकडे न बघता. “महिनाभर हा माणूस धड जेवलेला नाही. रात्री उठून बसतो. आणि हे तुम्ही आज सांगताय.”

“हो,” मी म्हटलं. 

ऋतुजाने विचारलं, “मग तुम्ही ‘वेटिंग’ का नाही लिहिलं? वेटिंग फॉर हिज सन. सोपं होतं की.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तिला खरं तेच सांगितलं. वेट हा शब्द मला पाचवीपासून येत होता. पण गोळ्यांच्या तक्त्यात पेशंट एकतर घेतो किंवा घेत नाही. वाट बघणं हेही माणूस तिथे करत असतो, हे लिहायचं असतं, असं मला वाटलंच नाही.

महेश इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो म्हणाला, “केस विंचरून घेतले?”

“हो. मागे वळवून.”

“मागेच वळवायचे ते.” मग थोड्या वेळाने, “मी साडेनऊला पोचलो. नाक्यावर चहा घेतला होता. मनात म्हटलं, वर जाऊन काय बोलायचं ते आधी ठरवू. पंधरा मिनिटं बसलो तिथे.”

मला वाटलं होतं, मी सांगेन आणि त्याचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. एक उतरलं आणि दुसरं चढलं, माझ्या डोळ्यांसमोर. बाप रागावून गेला, हे त्याने कसंबसं गिळलं होतं. आता बाप वाट बघत होता आणि तो खाली नाक्यावर चहा पीत होता. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते, पाऊण तासानेही काही फरक पडला नसता. तो म्हणाला, “औषधाचं बोलतच नाही मी.”

मी निघायला वळले तेव्हा त्याने थांबवलं. “राग नव्हता म्हणजे?”

मला ‘नव्हता’ म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या मनात काय होतं ते मला कुठे ठाऊक होतं. “मला तरी दिसला नाही,” मी म्हटलं. “मला फक्त वाट बघणं दिसलं.”

त्याने बापाच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, “ऐकायला बरं नाही वाटत. पण हे बरं झालं.” त्याने कपाटावरच्या पिशवीतून ती झेरॉक्स काढली, मुलीच्या हातात दिली आणि मला म्हणाला, “पुन्हा सांगा. कसं म्हणाले ते. तसंच.”

मी सांगितलं, सावकाश, जसं ते दम घेत घेत बोलले होते तसं. नको गो आता. झील येतलो. तो इलो काय घेतंय. ऋतुजाने माझ्या इंग्रजी ओळीच्या बाजूला, मोकळ्या जागेत, पेनने ते मराठीत लिहिलं. ती मुंबईत जन्मलेली. ‘इलो’ म्हणजे काय ते तिने वडलांना विचारलं. महेश म्हणाला, “इलो म्हणजे आला.” आणि मग तो रडला, पहिल्यांदाच असावा, कारण सून पटकन त्याच्याजवळ जाऊन बसली. मी चपला घातल्या. सुनेने बसल्या जागेवरून म्हटलं, “चहा घेऊन जा.” मी घेतला.

पुढे महेश आजोबांचा उरलेला विधी गावी जाऊन करून आला. जाताना मला मेसेज केला होता आणि आल्यावर फणसाचा फोटो पाठवला, आमच्या गावच्या. मधूनमधून ऋतुजाचाही मेसेज येतो. ती आता पदवीला आहे. सुनेने मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मी अजून त्याच वॉर्डात आहे. माझ्या नोट्स आता लांब होतात म्हणून डॉक्टर कुरकुरतात. माणसाने काय म्हटलं ते मी अवतरणचिन्हात लिहिते आणि खाली अर्थ. लिसी सिस्टर रिटायर होऊन कोट्टयमला गेल्या. जायच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तू घर कब जाएगा?” मी सुट्टीची तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, वो नहीं पूछा. त्याचं उत्तर त्यांनाही स्वतःच्या बाबतीत नीट येत होतं असं नाही. तीस वर्षांनी परत निघालेली ती बाई दोनदा आपली छत्री विसरली.

दहिसरहून परतल्यानंतर माझ्यात एक बदल झाला, तो आईला फार त्रासदायक वाटतो. मी दर रविवारी घरी फोन करते. बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही, म्हणून त्यांचं सगळं आईच सांगते. तिचं सांगणं एका शब्दात असायचं. बाबा कसे आहेत? “बरे आसत.” बाबा काय म्हणाले? “काय नाय, बरे आसत.” इतके दिवस मला ते पुरत होतं. आता मी म्हणते, आई, त्यांनी काय म्हटलं ते जसंच्या तसं सांग. ती चिडते. “कसला जसाच्या तसा? कोर्टात आसस काय तू?” तरी मी सोडत नाही.

एका रविवारी तिने कंटाळून सांगितलं, “म्हणत होते, घाटी चढताना दोनदा बसाचा लागता. झाला?” घाटी म्हणजे आमच्या घराकडची चढण. कितीतरी महिने ‘बरे आसत’च्या खाली ते वाक्य पडून होतं. मी त्याच आठवड्यात रजा टाकून गावी गेले, त्यांना तालुक्याला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. मी म्हटलं, मुंबईला चला, तिथे नीट तपासू. ते म्हणाले, “बघूया.” मी त्यांच्या बाजूला पायरीवर बसले आणि विचारलं, बघूया म्हणजे काय, बाबा. ते हसले. मग त्यांनी सांगितलं, अर्धा तास लावून. माझ्या खोलीत चारजणी राहतात तिथे ते कुठे झोपणार, गायीचं कोण बघणार, आणि मुंबईत त्यांना त्यांच्या वयाचा बोलायला माणूस कोण. ते आले नाहीत. मी आग्रह केला नाही. पण मी अख्खं ऐकून परतले.

तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं, गावचं की मुंबईचं. खोली आता मरोळची नाही, गोरेगावची आहे, भाड्याची पण माझी एकटीची. गावच्या घरात माझ्या कॉटवर आता तांदळाची पिंपं आहेत. दोन्हीकडे मी पाहुण्यासारखी काही दिवस असते. पण काही माणसं अशी आहेत की त्यांचं वाक्य मला कोणी थोडक्यात सांगितलेलं चालत नाही. ते मला पूर्ण हवं असतं, त्यांच्या बोलीत, त्यांनी जिथे श्वास घेतला तिथे थांबून. ती माणसं जिथे आहेत ते घर, असं मी आता म्हणते. त्यातली दोन गावात आहेत. आणि सकाळी आठ वाजता, गोळ्यांची वाटी हातात धरून मी कुणाच्या तरी कॉटपाशी उभी असते आणि ‘नको म्हणजे काय, आजी?’ असं विचारते, तेव्हा ते घर थोडा वेळ अंधेरीतही असतं.

गेल्या रविवारी मी विचारलं, बाबा काय म्हणाले. आईने उसासा टाकला, आणि मग एकेक शब्द वेचत सांगितलं:

“म्हणाले, तिका सांग, विहिरीचा पाणी खाली गेला हा, काजीक मोहोर बरो आसा, आणि आज घाटी चढताना एकदाच बसलंय.”